आपली की आमची

मंगळ., ४ मार्च

क्लासला गेले एकदाची. लायब्ररीतली मागची खोली, नऊ खुर्च्या, पाच डोकी. नवऱ्यानं, श्रीकांतनं, दारापर्यंत सोडताना विचारलंच, "रिटायर झाल्यावर बायका योगा शिकतात. तू मेलेली भाषा शिकणार?" म्हटलं, चाळीस वर्षं लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मेलेलंच बघत होते, सवय आहे.

शिकवणारी लॉरीन (इथून पुढे लॉ.). माझ्याच वयाची, सत्तरीला टेकलेली. दीड तास ड्राइव्ह करून आमच्या गावी, हर्नडनला येते. तिचे लोक इथले, अमेरिकेत इंग्रज यायच्या आधीपासूनचे. भाषा बोलणारं शेवटचं माणूस केव्हाच गेलं. उरलीय ती एका इंग्रज खलाशाची वही. चारशे वर्षांपूर्वी गलबतातून उतरला आणि दिसेल त्याचं नाव विचारत, ऐकू येईल ते लिहीत सुटला. बाकीचं लॉ. उत्तरेतल्या बहीण-भाषांवरून जुळवते.

आजचा किस्सा: खलाशानं स्वतःच्या नाकाला बोट लावून विचारलं, हे काय? त्यांनी सांगितलं, "तुझं नाक." ह्यानं लिहिलं, नाक. त्या भाषेत नुसतं नाक नसतंच म्हणे, कुणाचं तरी असावं लागतं. म्हणजे चारशे वर्षं त्या यादीत ह्या बाबाचं स्वतःचं नाक बसलंय! मी इतकी हसले की शेजारचा माणूस दचकला.

मंगळ., ११ मार्च

आज मजा. लॉ. 'वी' शिकवत होती. त्यांच्यात दोन असतात. फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकात ऐकणारा आत, दुसऱ्यात बाहेर. बाकीचे चौघं अमेरिकन, चेहरे कोरे. "बट वी इज वी," एकजण म्हणाला. मी पहिल्या बाकावरच्या पोरीसारखा हात वर केला. अहो, आमच्याकडे आहे हे! आपण आणि आम्ही. "आपण जेवू या" म्हटलं तर तुझंही ताट. "आम्ही जेवतो" म्हटलं तर तू निघ.

लॉ. खडू धरून बघतच राहिली. "तुला हे विचार न करता ऐकू येतं?" म्हटलं, आमच्याकडे तीन वर्षांचं पोर चुकत नाही. (माझी मुलगी चुकते. इथे वाढली. "आई, आम्ही दोघी आज कुठे जायचं?" कितीदा दुरुस्त करायचं!)

तिनं आणखी एक सांगितलं. शब्दाच्या सुरुवातीला 'तू'चा तुकडा लागला की आपली, 'मी'चा लागला की आमची. म्हणजे 'आपली'मध्ये समोरचा आधी येतो. फार आवडलं हे. घरी श्री.ला सांगितलं तर म्हणतो, "आमच्या पुण्यात एकच पुरतं. आम्ही."

शनि., १५ मार्च

लॉ.नं कॉफीला बोलावलं होतं. का ते कळलं. पार्कात नदीकाठी दगडी पाटी लागणार आहे, तिच्या लोकांच्या भाषेत एक वाक्य. एकच. खलाशाच्या वहीतलं. त्यांच्या म्होरक्यानं पाण्याकडे हात करून सांगितलं की ही नदी… आणि पुढे खलाशानं लिहिलंय 'अवर'. मूळ शब्द लिहिलाच नाही! नाक लिहिलं, कोपर लिहिलं, कणीस लिहिलं, आणि नेमकं हे इंग्रजीत. मेल्याला इथेच कंटाळा यायचा होता.

३१ तारखेपर्यंत वाक्य पाठवायचंय. 'आपली' घातलं तर लोक म्हणणार, बघा, त्यांनी स्वतःच वाटा दिला. तिचा चुलतभाऊ म्हणालाय, तसं लिहिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. "आणि 'आमची' लिहू, तर आमच्याच माणसांनी त्या उपाशी खलाशांना मका दिला होता. दार लावून घेणारी माणसं नव्हती ती."

तिनं कप खाली ठेवला. "आमचा शब्द पहिल्यांदा दगडावर येतोय. तो खोटा नको."  

मंगळ., १८ मार्च

घोळ घातला.

प्रत्येकानं एक वाक्य करायचं होतं. मी रुबाबात म्हटलं, "आपली नदी आज भरून वाहतेय." प्रत्यय बित्यय सगळं बरोबर.  लॉ. हळूच म्हणाली, "व्याकरण परफेक्ट आहे. पण तुझी कधी झाली?"

कान तापले माझे. मराठी सवयीनं बोलून गेले, दुसरं काय. कुणाच्याही गावी जाऊन आपण "आपल्या इथे भाजी बरी कुठे मिळते हो?" विचारतो. 'आमची' म्हटलं असतं तर तिलाच बाहेर काढलं असतं, ते तर त्याहून वाईट. अगं बाई, सरळ 'तुमची' म्हणायचं होतं ना! सुचलंच नाही. बेचाळीस वर्षं हेच पाणी पितेय म्हणून असेल. फार लाज वाटली. 

गुरु., २० मार्च

सॉरी म्हणायला लॉ.ला फोन केला. सांगितलं, घर आपलंच समजा, असं आमच्याकडे पाहुण्याला म्हणतात. पण ते म्हणायचं घरच्यांनी. पाहुण्यानं स्वतःच म्हणून फ्रिज उघडायचा नसतो. मी परवा फ्रिज उघडला.

 तिनं विचारलं, "म्हणजे 'आपलं' म्हटलं तरी घर त्यांचंच राहतं?"

"ज्याचं घर, तोच म्हणू शकतो."

"आणि पाहुणा गेलाच नाही तर?"

म्हण सांगितली: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. 'पई'चं भाषांतर काही जमलं नाही, पण तिला पोचलं. मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "आणि चारशे वर्षांनी?"

त्याला म्हण नाही. बेचाळीसलाही नाही, पण ते मी बोलले नाही.

मंगळ., २५ मार्च

क्लासमध्ये लॉ.नं पाटीचा विषय काढला नाही. नुसती क्रियापदं. दमलेली वाटली.

रात्री जेवताना श्री. म्हणाला, "आपल्याकडे आता आंबे यायला लागले असतील." मी विचारलं, आपल्याकडे म्हणजे कुठे? घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "आता सुखानं जेवू पण देणार नाहीस का?" खरंच विचारत होते मी. बेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

रवि., ३० मार्च, सकाळ

लॉ.चा फोन. उद्या पाठवायचं. दोन्ही वाक्यं टेबलावर ठेवून आठवडाभर बसलीय. "कागदासमोर ठरत नाही गं. हा शब्द समोर कुणी उभं असल्याशिवाय तयारच होत नाही. त्या म्होरक्यासमोर खलाशी उभा होता. माझ्यासमोर टेबल आहे."

म्हटलं, मग भावाला उभं कर. "त्याला म्हणताना 'आपली'च येणार, तो घरचाच. आणि वर्गातल्यांना फरक ऐकू येत नाही. तू नदीवर ये. मी पाण्याकडे हात करीन आणि तुला सांगीन. तोंडात जे येईल, ते उद्या पाठवीन."

मी विचारलं, मी काय म्हणायचं? "काही नाही. तू ऐकायचं."

  श्री. म्हणतो, "आणि 'आमची' म्हणाली तर? एवढ्या लांब जाऊन ते ऐकायचं?" म्हटलं, हो. तिचा हक्क आहे. वाईट वाटेल, खूप वाटेल, पण त्या शब्दाला मी काहीही म्हणणार नाही. 'आपली' म्हणाली तर काय करीन ते मात्र मला माहीत नाही. रडीन बहुतेक. तिच्या भावाला कोणत्या तोंडानं भेटीन, तेही माहीत नाही.

इंग्रजीत नुसतं 'अवर' म्हणाली असती तर सोय होती, हवं ते समजून घरी आले असते. मला ऐकू येतं, म्हणूनच तर बोलावलंय.

श्री. गाडीतच बसणार आहे. अडीचला निघतो.