ईश्वरप्पाच्या सुऱ्या

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. भुवनेश्वरीस चन्नम्माचे अ. उ. आ.

फोनवर राग अर्धाच सांगून होतो, म्हणून लिहिते. तू धाडलेला वळसंगच्या ओढ्यातला काळा दगड आणि दुकानातला दुरंगी दगड शेजारी ठेवून सुऱ्या घासून बघितल्या. दुरंगीवर धार झटकन येते, पण खरबरीत. पिकला टोमॅटो कापायच्या आधी फाटतो. काळ्यावर दंड भरून येईपर्यंत घासावं लागतं, मग मात्र चकती पातळ पडते. शेवटी ठरलं, आधी दुरंगी, मग काळा.

हे माझ्या दिराला कुठलं ठाऊक? आमचे हे वारल्यावर ईश्वरप्पानं मला घरच्या खानावळीतून काढलं. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की वहिनीला भाकरी थापण्यापलीकडं काही येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथल्या सुऱ्यांना धार मीच लावत होते. आता त्याच्या कोशिंबिरीत काकडी चेचलेली असते म्हणे. ऐकून दोन घास जास्त जेवले. त्यानं माझ्या दारात येऊन धार लावून मागावी आणि गल्लीनं बघावं, एवढंच हवंय.

मुलांना आशीर्वाद. लोभ धर, आणि कारळाची चटणीही धाड.
तुझी अक्का

वळसंग
ता. १२ फेब्रुवारी

ती. अक्कास भुवनेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग भ्याले. तुझा राग लई मुरलाय. परवा तुझे दीर ज्वारी बघायला हितं आले होते. मोठ्या लग्नाचं जेवण घेतलंय आणि आचारी बोथट सुऱ्यांना वैतागलेत. तुला परत बोलवायचंय, पण तोंड उघडत नाही म्हणाले. मीच सांगितलं की सुऱ्या घेऊन जा, अक्का नाही म्हणणार नाही.

तुझं हक्काचं स्वयंपाकघर परत मिळतंय की. भाड्याच्या खोलीत डबे करत किती दिवस काढणार? माझ्यासाठी तरी गोड बोल.

धाकटीवर माया असू दे.
भुवनेश्वरी

सोलापूर
ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. भुवनेश्वरीस अ. उ. आ.

काल आला होता. सुऱ्या फडक्यात गुंडाळून उंबऱ्याशी उभा राहिला. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. झालं गेलं विसरा, आजच्या जेवणापासून परत या म्हणाला. गिऱ्हाइकांसमोर बोलला त्याबद्दल अवाक्षर नाही. मी बसा म्हटलं नाही. दोन्ही दगडांवर एकेक सुरी अशी लावली, की कुणी लावली म्हणून त्याच्या आचाऱ्यांनी विचारावं आणि त्याला माझं नाव घ्यावं लागावं.

आपल्यात सुरी हातात देत नाहीत. भांडण लागतं म्हणून एकानं खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मी खाली ठेवीन म्हणून तो हात मागं बांधून जमिनीकडं बघत थांबला. मी सुरी त्याच्यापुढं धरून उभी. लग्नाचं जेवण त्याच संध्याकाळचं, न घेऊन जातो कुठं? सगळ्या सुऱ्या माझ्या हातातून घेतल्या त्यानं, एकेक करून.

तुझा शब्द मोडला, रागावू नकोस. डबे आहेत, पोट भरेल. तुझ्यावर लोभ आहे तसाच आहे. त्या घरावर आता ठेवायचा नाही.
तुझी अक्का