अक्षराच्या लग्नातल्या मुक्या मंगलाष्टका

कनाटा, ओटावा
४ जानेवारी

तीर्थरूप कुमुदताईस,

हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार, म्हणजे तूर्त पाच अंगांचाच. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना धरलेली कंबर उरलेली तीन अंगे जमिनीला टेकू देत नाही. (याच कंबरेपायी मला सख्ख्या भाचीच्या लग्नाला नागपूरला येता आले नाही, हे तू विसरली नसशील.) भाऊजींचा खोकला कसा आहे? रश्मीची तब्येत बरी आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. नवऱ्याशी अबोला धरला तरी घर चालते, हे मला या वयात कळले. तूही लग्नापासून रागावलेली आहेस, आणि कारण मला ठाऊक आहे. पण एकदा माझी बाजू ऐक.

रश्मीने रचलेल्या आणि आम्ही दोघांनी बेसमेंटमध्ये उभे राहून गायलेल्या सात मंगलाष्टकांचा व्हिडिओ मी खुल्या कोडेकमध्ये पाठवला, हा माझा गुन्हा. कोडेक म्हणजे चित्राची आणि आवाजाची बारीक घडी घालून इकडून पाठवायची आणि तिकडे उलगडायची रीत. यातल्या काही रितींवर कंपन्यांची मालकी असते, काही सगळ्यांना खुल्या. बावीस वर्षे मी खुल्यांचाच कैवार घेत आलो आहे. (ऑफिसात लंचला माझ्या शेजारी कोणी बसत नाही. आमची ईशानीसुद्धा म्हणाली, 'डॅड, जस्ट सेंड अ नॉर्मल एमपीफोर.') आवाजासाठी मी ओपस नावाचा खुला कोडेक वापरला. आजचे सगळे ब्राउझर तो वाजवतात. लॅपटॉपवर लावला असता तर खणखणीत वाजला असता. पण तुझ्या श्रेयसने पेनड्राइव्ह नेऊन खुपसला तो कार्यालयाच्या जुन्या टीव्हीत. त्या टीव्हीला चित्र उलगडता आले, आवाज नाही.

पुढचे मी श्रेयसने पाठवलेल्या क्लिपमध्ये पाहिले. अंतरपाट धरलेला, भटजी थांबलेले, आणि चारशे माणसे मुठीत अक्षता धरून आमच्या हलणाऱ्या तोंडांकडे पाहताहेत. 'सावधान' केव्हा आले हे कोणालाच कळेना. रश्मीने श्वास घेतला की अर्धे कार्यालय अक्षता टाकी, मी घसा खाकरला की उरलेले. चौथ्या मंगलाष्टकेपर्यंत अक्षता संपल्या आणि लोक टाळ्या वाजवू लागले. तुझा चेहरा मला दिसला. मला फार वाईट वाटले, ताई, खरेच. (विहीणबाई मात्र हसत होत्या, याची नोंद घे.) चूक झाली. जग अजून खुल्या कोडेकच्या लायकीचे नाही, एवढेच म्हणतो.

अक्षराला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
हेमचंद्र

ता. क. : चूक झाली नाही. कार्यालयाचा टीव्ही कोणत्या सालचा, हे मी श्रेयसला आठवडाभर आधी विचारून घेतले होते आणि पेनड्राइव्ह त्यातच लाव असेही मीच बजावले होते. पाचवी मंगलाष्टका ऐकून मला घाम फुटला होता. जावईबापूंनी डोक्यावर नवे केस लावून घेतले आणि विहीणबाईंनी अक्षराआधी अकरा मुली नाकारल्या, हे तू रश्मीला 'कोणाला बोलू नकोस' म्हणून सांगितले होतेस. तिने ते कौतुक म्हणून गुंफले, वर 'कुमुदवन्सं सांगती' असे तुझे नावही घातले. अक्षराने पहिल्याच दिवशी सासरी कोणत्या तोंडाने पाऊल टाकले असते? (रश्मीला ओळ बदल म्हणायची माझी छाती नाही. तू आमचे घर पाहिले आहेस.)

ता. क. २ : म्हणून विनंती एकच. संक्रांतीला अक्षराच्या सासरची मंडळी तुझ्याकडे येतील तेव्हा लावण्यासाठी रश्मी तोच व्हिडिओ तुला नव्याने पाठवणार आहे. तो उघडू नकोस. टीव्ही बिघडलाय म्हण, वीज गेली म्हण, काहीही म्हण.

ता. क. ३ : रश्मी आत्ताच माझ्याशी बोलली. तुला संक्रांतीच्या गडबडीत त्रास कशाला, म्हणून तिने व्हिडिओ थेट विहीणबाईंच्या फोनवर पाठवून दिला आहे. ईशानीने करून दिला, कुठेही वाजतो. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. विहीणबाई उत्तर लिहिताहेत. बराच वेळ झाला, अजून लिहिताहेत.