मागच्या रांगेतलं नाव

बाबा, तुम्हाला पत्र लिहायचं कधी काम पडलं नाही. मी बुलडाण्यात, तुम्ही बीबीत, आणि काही सांगायचंच झालं तर चौकातल्या किराणा दुकानात फोन होता. तुम्ही फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायचे की आई म्हणायची, यांना फोन कशाला लागतो, अंगणात उभे राहून बोलले तरी बुलडाण्यात ऐकू जाईल. आता तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आईलाही सहा झाली, आणि मी पन्नाशी ओलांडलेली बाई शाळा-तपासणीचे कागद बाजूला सारून तुम्हाला लिहीत बसले आहे. तुमच्या नातवानं गेल्या रविवारी मला एक साधा प्रश्न विचारला. मी त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला कळायला पाहिजे, म्हणून हा खटाटोप.

तुम्ही ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. पहाटे पाचला खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, पायात टायरच्या चपला, आणि मागून मी. दोघे भाऊ झोपलेले असायचे, त्यांना ढकललं तरी उठायचे नाहीत. तुम्ही एका गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवता, आतून पाण्याचा घरघर आवाज येतो, बाया घागरी घेऊन नळाला उभ्या राहतात, आणि आपण पुढच्या गल्लीकडे निघतो. चालता चालता तुम्ही हळू आवाजात एक ओळ म्हणायचे आणि तिचं शेपूट मी उचलायचं, असा आपला नियम. मी उशीर केला की थांबायचे. चावी जमिनीवर टेकवून म्हणायचे, "समोरच्याचा दम सरायच्या आंधी आपला निंगाला पाह्यजे. मधात खड्डा नाही पडला पाह्यजे." पुन्हा पहिल्यापासून. विहारापासून बाजारापर्यंत सात व्हॉल्व्ह होते आणि सातव्यापर्यंत माझं बरोबर यायला लागायचं. दहा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याचा श्वास ऐकायला शिकवणारा बाप मी नंतर कुठे पाहिला नाही. आम्ही शिक्षकांना प्रशिक्षणात तीन-तीन दिवस बसवून जे शिकवतो, ते तुम्ही गल्लीगल्लीत पाणी सोडता सोडता शिकवून गेले.

रविवारी टेपरेकॉर्डर निघायचा. त्याचा स्पीकर तुम्ही आईच्या जुन्या माठात बसवला होता, आवाज भरून येतो म्हणून. माठ चांगला होता हो, चिरलेला नव्हता, आई त्यावरून वर्षभर बोलली. तुमच्या आवडीची गाणी म्हणजे कव्वाली आणि जयंतीची गाणी. आम्हा तिघांना भिंतीला टेकवून बसवायचे आणि गाणं रंगात आलं की खट्कन बंद करून विचारायचे, मागं किती जण होते? आम्ही तोंडाकडे पाहायचो. मग तुम्ही कॅसेट मागं फिरवायचे. पुढचा तर साऱ्यांनाच ऐकू येतो, मागचे ऐका, म्हणायचे. हळूहळू आम्हाला ऐकू यायला लागलं. एक जाडा आवाज, एक नाकातला, एक घाई करणारा. आजही लग्नाच्या मांडवात गाणं वाजलं की मी आधी मागचे मोजते. नवरा म्हणतो, तुझे कान वाकडे आहेत. असू देत, माझ्या बापाचे आहेत.

नावंही तुम्ही तिथूनच, तुमच्या गायन पार्टीतूनच काढली. थोरला दादा जन्मला तेव्हा बारीक, चिरका रडायचा म्हणून तो बेंजो. धाकट्याचं पोट पुढं म्हणून तो ढोलक. आई पार्टीची मालक, कारण तिनं हो म्हटल्याशिवाय तुम्हाला कार्यक्रमाला जाता यायचं नाही. आणि मी कोरस. घरातली खरी नावं शाळेच्या दाखल्यावर पडून होती, त्यांना कुणी विचारत नव्हतं. लहानपणी मला त्याचं काही वाटलं नाही. पण मोठी होत गेले तसं दिसायला लागलं की गावाच्या गायन पार्टीत तुम्ही कायम मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात बसता. पांढरा शर्ट, गळ्यात निळा रुमाल, मांडी घालून, टाळी देत. पुढं माईकसमोर गवंडीकाका. ते बीबीतले गवंडी, तुमचे जिवाभावाचे दोस्त. हार त्यांना, फेटा त्यांना, पोस्टरवर फोटो त्यांचा. तुमच्या खिशात त्यांच्यासाठी खडीसाखर आणि लवंगा. शाळेत पोरींना माझं घरचं नाव कळलं तेव्हापासून मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागचा अख्खा बाक माझं शेवटचं वाक्य एका सुरात पुन्हा म्हणायचा. गुरुजीसुद्धा हसायचे.

आणि मग लोणारची ती वक्तृत्व स्पर्धा. मी दहावीत होते. तुम्ही त्या दिवशी पाण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून, पार्टीचा पांढरा शर्ट घालून एसटीनं आले. मागच्या बाकावर बसले, आता आणखी कुठे बसणार. माझा दुसरा नंबर आला. पुकारा होताच तुम्ही उठून उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, शाब्बास माह्या कोरस! लोक हसले. लोणारच्या पोरी बाहेर पडेपर्यंत कोरस, कोरस करत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टँडवर तुम्ही माझ्यासाठी भजी आणली, कागद माझ्यापुढं धरला, आणि मी तो हातानं बाजूला केला.

"मले त्या नावानं हाक नका मारत जाऊ," मी म्हणाले.

"काऊन वं?"

"तुम्ही जल्मभर मांगं बसले. मले नाही बसायचं मांगं."

तुम्ही भज्यांच्या कागदाकडे पाहत राहिले. तुमच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं हे मी पाहिलं, नक्की पाहिलं, आणि मग ते मिटलं. "बरं," एवढंच म्हणाले. गाडी लागली. तुम्ही खिडकीची जागा मला दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला दाखल्यावरच्या नावानं हाक मारली.

त्यानंतर कधीही नाही. मी म्हणते, एखाद्यानं चार दिवस राग धरावा, महिनाभर धरावा. तुमचा तो रागही नव्हता. तुम्ही दिलेला शब्द पाळत होते. दादाच्या लग्नात तुम्ही भरमांडवात बेंजो कुठे गेला म्हणून ओरडले, ढोलकला त्याच्या साहेबासमोर ढोलक म्हणाले, आणि मी नोकरीला लागल्यावर माझ्यासाठी नवं नाव निघालं, मॅडम. मॅडमचा फोन आला का, मॅडम दिवाळीत येऊन राह्यली का. त्यात टोमणा नव्हता, अभिमान होता, ते मला समजत होतं. पण त्या घरातल्या तिघांची नावं एका पार्टीतली आणि माझं बाहेरचं. मीच माझ्या पायांनी उठून गेले होते, कुणाला दोष देणार?

शेवटच्या आजारात मी आठ दिवस तुमच्या खाटेपाशी होते. तुम्ही नर्सला सांगायचे, ही आमची मॅडम, पन्नास शाळा हिच्या हाताखाली. नसतील तेवढ्या, तुम्ही वाढवून सांगायचे. मला एकदा तुमच्या तोंडून ते जुनं नाव ऐकायचं होतं. मागायला काय लागत होतं, बाबा? दोन शब्द. पण मी गोळ्यांच्या वेळेवरून तुम्हाला रागावत बसले. नवव्या दिवशी मागायला कुणी उरलं नाही.

आता गेल्या रविवारचं ऐका. लेक, मुलगा आणि मी, दादाकडे बीबीला निघालो होतो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी लेक चालवत होती. मेहकर सोडल्यावर मी तुमची गाणी लावली. मुलाच्या मोबाइलवर आता सगळं सापडतं, माठ लागत नाही. आणि मी तुमच्यासारखीच गाणं बंद करून विचारलं, मागं किती होते? लेक वैतागली. मुलगा मात्र म्हणाला, चार, आणि एक जण घाई करतोय. मला काय वाटलं ते मी कसं सांगू. मग मी त्यांना मामांची नावं सांगितली. बेंजोमामा म्हणून दोघं हसून हसून बेजार झाली. मुलानं विचारलं, मग तुझं काय होतं? मी म्हणाले, रस्ता बघू दे तिला, खड्डे आहेत.

दादाकडे जेवलो आणि चहाला गवंडीकाकांकडे गेलो. ऐंशी पार केले त्यांनी, पण मान ताठ आहे. ओट्यावर बसले होते. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, कोरस आली का! पस्तीसेक वर्षांनी ते नाव मी ऐकत होते. पोरांनी लगेच धरलं, कोरस म्हणजे? कोरस का? मी म्हणाले, काही नाही, मागं बसणाऱ्याचं नाव. काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, आता माह्यं काय राह्यलं, कोनाची लाज धरू, आणि पोरांना जवळ बसवून सांगायला लागले.

मी तेव्हा आठ दिवसांची होते. हिवऱ्याकडच्या एका गावात जयंतीचा संध्याकाळचा कार्यक्रम, दोन पार्ट्यांचा सामना. दुसऱ्याच गाण्यात काकांचा गळा बसला. आवाजच निघेना. समोरची पार्टी हसायला लागली होती. तेवढ्यात मागून, डाव्या कोपऱ्यातून, तुम्ही रुमाल तोंडावर घेतला आणि मागच्या माईकवर ओळ उचलली. काकांनी नुसते ओठ हलवायचे, हात करायचे, आणि गायचं तुम्ही. पुढची पाच गाणी. काका जिथे दम घ्यायचे तिथेच तुम्ही घेत होते, म्हणून माईकपुढच्या लोकांनाही कळलं नाही. सामना जिंकला, हार काकांच्या गळ्यात पडला, आणि त्या दिवसापासून त्यांना चारही तालुक्यांतून बोलावणी यायला लागली. परत येताना जीपमध्ये ते रडले, म्हणाले, मी उद्या गावात खरं सांगतो. तुम्ही त्यांना शपथ घातली. लोकांना गाणं ऐकू आलं ना, झालं, म्हणाले. आणि घरी येऊन पाळण्यातल्या मला उचललं आणि त्या दिवशी हे नाव ठेवलं. बाकीच्यांची नावं गमतीची आहेत, काका म्हणाले, हिचं त्यानं स्वतःचं दिलं.

मुलगा पार्टीचा जुना फोटो आणायला काकांच्या सुनेबरोबर आत गेला, आणि लेक त्याच्या मागोमाग. तेव्हा काका माझ्याकडे न पाहता हळूच बोलले.

"तुले ते नाव नाही आवडत, हे त्यानं मले सांगतलं होतं. लोणारहून आला अन् सिदा माह्याकडं आला. म्या म्हनलं, सांगून दे पोरीले खरं. तं म्हने, तिले सांगतलं तं तुह्यं नाव जाईन. राहू दे, म्हने."

बाबा, स्टँडवर तुम्ही तोंड उघडून मिटलं ते यासाठी. पोटच्या पोरीनं तोंडावर तुमची अख्खी जिंदगी मागची ठरवली, एका वाक्यात तिचं तोंड बंद करता आलं असतं, आणि तुम्ही दोस्ताचा हार सांभाळत भजी गार होऊ दिली. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की काकांच्या ओट्यावर मी पदर तोंडात कोंबून रडले. एवढा मोठा माणूस आमच्या घरात होता आणि मी त्याला जागा बदलायला सांगत होते.

पोरं फोटो घेऊन बाहेर आली. मुलानं मागच्या रांगेत तुम्हाला बरोबर शोधलं होतं, बोट तुमच्यावरच ठेवलेलं. त्यानं विचारलं, "आई, आजोबा तुला शेवटपर्यंत कोरसच म्हणायचे?"

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

काकांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहायची हिंमत केली नाही. माझा आवाज मध्येच अडकला होता, आणि तो अडकला तिथूनच त्यांनी उचललं. "हाव," ते पोराला म्हणाले, "दवाखान्यातबी तो हेच नाव घेत होता. म्या सोता आयकलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टेबलाच्या खणात राहील. पोरांना सांगितलं ते खोटं होतं हे तुम्हाला तेवढं माहीत असावं. आज सकाळी मुलानं मला स्वयंपाकघरातून त्या नावानं हाक मारली, आणि मी लगेच ओ दिली नाही. अजून एकदा मारावी म्हणून ऐकू न आल्यासारखं केलं.