उत्तरेच्या ओवरीतला दगड

प्रिय बाप्तिस्त,

बावीस वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, तेव्हा हे जाड पाकीट बघून तुला आधी बाबांचीच काळजी वाटली असेल. घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. एकोणनव्वदाव्या वर्षीही रोज सकाळी मठात येतात, ओवरीतल्या बाकावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवतात.

मठाच्या किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत आणि पाहुण्यांना मठ दाखवायचं कामही. इतकी वर्षं झाली, तरी ते मोठं दार ढकलून आत गेलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. चित्रं नाहीत, सोनं नाही, नुसता दगड आणि उजेड. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी एकही कमान मिरवण्यासाठी उभारली नाही, म्हणूनच तिच्यावरून नजर हलत नाही. परवा लिऑंच्या एका बाईंनी विचारलं, "इथे हिवाळ्यात साधू कसे हो राहत असतील?" मी म्हटलं, "कुडकुडत." बाबा बाकावरून खो खो हसले.

तर तो दगड. उत्तरेच्या ओवरीतल्या तिसऱ्या खांबातला, बाबा मुकादम असताना दुरुस्तीत बसवलेला. तुला वेगळं सांगायला नकोच. बसवल्यावर दोन हिवाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले आणि बाबांनी सगळ्या गवंड्यांसमोर तुला परांचीवरून खाली उतरवलं. "खाणीत दगड जसा निजलेला असतो तसाच भिंतीत निजवायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं! तू तो उभा केलास?" तू म्हणालास, "मी नाही बसवला." ते म्हणाले, "मग काय साधूंनी येऊन बसवला?" सगळे हसले. त्याच संध्याकाळी तू गेलास. आता तू ब्रेस्तमध्ये लोकांच्या स्वयंपाकघरात ओटे बसवतोस, आणि इतकी वर्षं बाबा तुझं नाव काढत नव्हते.

गेल्या मंगळवारी पेरीनने तो दगड काढला. पेरीन म्हणजे आताची मुकादम. जिभेची तिखट, पण हात असा की बाबासुद्धा तिच्या कामात खोट काढत नाहीत. दगड उलटवला आणि ती तिथेच वाकून बघत राहिली. आपल्याकडे जो दगड बसवतो तो मागच्या अंगाला आपली खूण कोरतो, आणि भिंतीत गेल्यावर ती कुणालाच दिसत नाही. या दगडावर मासा होता. बाबांचा मासा. पेरीन घाईघाईने वर ताडपत्री टाकायला लागली, पण म्हाताऱ्याची नजर अजून घारीची आहे. "काय लपवतेस गं? आण इकडे." त्यांनी बोटाने तो मासा दोनदा चाचपला. माझ्याबरोबर वीसेक पाहुणे होते. बाबा उठले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "मंडळी, नऊशे वर्षांच्या या कामात एवढी एक घाण माझी आहे. केली मी, आणि हाकललं पोराला." पेरीन म्हणाली, "जाऊ द्या हो आजोबा, चुकतो एखाद्या वेळी हात." ते म्हणाले, "हात चुकला असता तर चाललं असतं. माझी जीभ चुकली."

बाप्तिस्त, त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांनी बांधलेल्या कुठल्याही कमानीचा कधी वाटला नव्हता. नवा दगड खाणीतून आला आहे. तो बाप्तिस्तच बसवेल, दुसरं कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलंय. पेरीन संत मार्तँच्या दिवसापर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत, थांबायला तयार आहे. पुढे कडक थंडी पडली की चुना धरत नाही. बाबांनी तुझ्या खोलीतला अडगळीचा ढीग स्वतः उपसून बाहेर काढला. माझी मदतही घेतली नाही.

एवढं सांगायला फोन पुरला असता. पत्र लिहितेय ते माझ्यासाठी. आई गेली त्या आठवड्यात तू खाणीवर गेला होतास. मी बाबांचं जेवण घेऊन गेले तेव्हा ते एकटेच तो दगड बसवत होते, आणि रडत होते; पुढे ते त्यांना आठवलंही नाही. म्हणजे तू "मी नाही" म्हणालास तेव्हा तू खरं बोलतोयस, हे मला ठाऊक होतं. मी परांचीखालीच उभी होते आणि खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. आधी त्यांची भीती वाटली. मग वाटलं, आईच्या दुःखात झालेली चूक त्यांना कशी दाखवायची? आणि मग इतकी वर्षं उलटली की तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली. त्यांनी परक्या लोकांसमोर एका दमात कबूल केलं; मला बावीस वर्षं लागली. त्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. तू बाबांसाठी ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी मी समजेन. स्टेशनवर गाडी घेऊन मीच येईन. हवं तर मागच्या सीटवर बस.

तुझीच, अजूनही तुझी बहीण म्हणवून घ्यायची हिंमत करणारी,
सोलांज