आडनाव आधी

२९ नोव्हेंबर १९७६, सातारा

पोहोचलो. मुंबईत दीड दिवस गेला, पण आज पहाटेची एस.टी. मिळाली आणि दुपार कलायच्या आत साताऱ्यात उतरलो. हवा कोरडी आणि थंड आहे. समोर सपाट माथ्याचा डोंगर. आमच्या मॉरिशसचे डोंगर टोकदार असतात. असा बसायला जागा असलेला डोंगर मी प्रथमच पाहिला.

लॉजच्या मालकाने माझं मराठी ऐकून विचारलं, तुमी कीर्तन करता काय. मी सांगितलं की घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, पुस्तकावरून शिकतो. तो म्हणाला, मग बराबर हाय, पुस्तकातलं हितं कुणी बोलतच न्हाई. दोघेही हसलो.

बैठकेतल्या मास्तरांना कबूल केल्याप्रमाणे ही रोजनिशी मराठीत लिहीन. वय चोवीस, साखर कारखान्यात कारकून, देशाबाहेर पहिल्यांदाच आणि एकटा. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी. तिने एकच बजावलं आहे: वीस तारखेचं परतीचं विमान चुकवायचं नाही.

१ डिसेंबर, सातारा

दोन दिवस कचेरीच्या बाकावर बसून होतो. माझ्याजवळ पोर्ट लुईच्या दप्तरातली, उसाच्या कामाला नेलेल्या मजुरांच्या नोंदीची नक्कल आहे. नाथाजी वल्द गुंडा, म्हणजे गुंडाचा मुलगा, वय बावीस, जिल्हा सातारा, सन १८४३. हा माझा खापरपणजोबा. जहाजातून उतरलेल्या माणसाचं नाव आमच्याकडे त्याच्या वंशाचं आडनाव झालं, म्हणून मी देवानंद नाथाजी. फॉर्मवर आम्ही आडनाव आधी लिहितो. इथला शिपाई दर वेळी दारात येऊन पुकारतो, नाथाजी देवानंद. आता मीही विचारल्यावर तसंच सांगतो. वेळ वाचतो.

शेवटी कारकुनाने नक्कल डोळ्यांशी धरली आणि म्हणाला, आवं पाव्हणं, तुमचा सातारा आता साताऱ्यात न्हाई. जुन्या जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग सांगलीत गेला आहे. नकलेतलं गाव आष्ट्याच्या पुढे, कृष्णेच्या काठी. म्हणजे दोन दिवस चुकीच्या जिल्ह्यात. पाय दुखताहेत.

३ डिसेंबर

घर सापडलं. नाथाजीच्या धाकट्या भावाचा वंश. घरातला कर्ता आकाराम, पंचावन्नचा, पलटणीतून निवृत्त. त्याने आधी कागद मागितला, उलटा-सुलटा पाहिला, मग मिठी मारली. त्याची बायको चंद्राबाई. त्याची चुलती बनुबाई, ऐंशीच्या पुढची. तिला उजेड आणि सावली एवढंच दिसतं.

देवानंद हे नाव सांगितल्यावर चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, ह्ये तर शिनेमातलं नाव, ह्या नावानं हाक मारली तर शेजारनी खिडकीत येतील. सगळ्यांनी मला नाथाजीच म्हणायचं ठरवलं.

गावाभोवती ऊस आहे. आमच्या खिडकीतूनही ऊसच दिसतो. खापरपणजोबा इतक्या लांब जाऊन पुन्हा उसातच उतरला.

चार तासांत इतक्या लोकांनी पाहिलं, हात लावला, प्रश्न विचारले, की आता जीभ उचलत नाही.

५ डिसेंबर

आज आकारामने विषय काढला. नाथाजी येतो म्हणून गेला. मेल्याची बातमी आली नाही, त्यामुळे त्याचे दिवस घालता आले नाहीत. पितरांच्या पंगतीत त्याचं पान मांडता येत नाही आणि वाट पाहणंही सोडता येत नाही. या घरात पाच पिढ्यांच्या सुना रोज तिन्हीसांजेला त्याच्या पायांसाठी उंबऱ्यापाशी तांब्या भरून ठेवत आल्या. चंद्राबाई म्हणाली, माझ्या सासूनं ठेवला, तिच्या सासूनं ठेवला, आन् त्यो बाबा तकडं ऊस खात बसला.

तो १८७९ मध्ये वारला, हे मी सांगितलं. बनुबाईने माझा हात चाचपून धरला. मग म्हणाली, येवढंच कळवायचं हुतं रं कुनीतरी.

प्रेत नसलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. परवा करायचं ठरलं. मी हो म्हणालो. खरं तर उद्या निघून मिरजेला एक दिवस विश्रांती घ्यायची होती.

७ डिसेंबर

विधी झाला. दमलो आहे, तरी नीट लिहून ठेवतो.

नदीकाठी आष्ट्याहून आलेल्या गुरुजींनी दर्भ अंथरला. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मोजून अंगाचा आकार केला. डोक्याच्या जागी नारळ. मयताचं एखादं वस्त्र हवं होतं. खापरपणजोबाचं काय असणार? मी माझा सदरा काढून दिला. चांगला होता, आईने शिवलेला. पुतळ्याला तो बरोबर बसला.

आकाराम आणि भाऊबंद लाकडं रचत होते. गुरुजींना कमी ऐकू येतं. धूर माझ्या डोळ्यांत गेला होता. त्यांनी विचारलं, मयताचं नाव, बापाच्या नावासकट. नाव एवढंच माझ्या कानांत शिरलं. मी म्हणालो, नाथाजी देवानंद.

त्यांनी ते तीनदा उच्चारलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की नाथाजी गुंडा म्हणायला हवं होतं. इथे आधी माणसाचं नाव, मग बापाचं. देवानंदाचा मुलगा नाथाजी असा कुणी झालाच नाही. दोन्ही नावं माझी आहेत. मी सांगायला उठलो, तोवर आकारामने अग्नी दिला होता. इतक्या लोकांसमोर गुरुजींना थांबवायचा कंटाळा आला.

गुरुजींच्या मते तीन दिवसांचं सुतक पुरे. आकाराम ऐकेना. म्हणाला, शंभर वर्सं थांबलाय त्यो, त्याला धा दिस द्या की. दहावा सोळा तारखेला. विमान वीसला. जमेल.

नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा कपाळ दुखलं. उन्हात उभा होतो.

८ डिसेंबर

सुतक असल्याने शेजारी येत नाहीत. पारावरच्या माणसांना हात केला, कुणी केला नाही. सुतकातल्या माणसाशी बोलायचं नसेल. जेवायला चंद्राबाईने मला हाक मारली नाही. मी जाऊन बसलो. ताट नव्हतं. तिचंही मन ठिकाणावर नसेल. सकाळपासून राबते आहे. पाणी पिऊन उठलो. भूक फारशी नव्हतीच.

९ डिसेंबर

माझं अंथरूण गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं आहे. माझी बॅग आकारामने आपल्या पलटणीच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. पासपोर्ट तिच्यात आहे. मी समोर उभा राहून विचारलं, कशासाठी. तो चंद्राबाईला म्हणाला की पाव्हणा न सांगता गेला, सामान मागवंल तवा दिऊ. ती म्हणाली, येतो म्हनायचं तरी तोंड हुतं का न्हाई त्याला, खानदानी खोडच हाय ही.

मी तिच्या दोन हातांवर होतो. ती डाळ निवडत होती.

चेष्टा असेल. गावात पाहुण्याची अशी चेष्टा करतात, असं ऐकलं आहे. पण चंद्राबाईला चेष्टा करताना हसू आवरत नाही, आणि ती हसली नाही.

११ डिसेंबर, मिरज

काल एस.टी.ने निघालो. वाहकाने तिकीट विचारलं नाही. आष्ट्याला एक बाई चढली आणि मी बसलो होतो त्या जागी पाटी ठेवली. मी कसाबसा सरकलो.

सांगलीत पोलीस ठाण्यात गेलो. टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं. हवालदार पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं, जांभई दिली आणि माझ्या पाठीमागच्या घड्याळाकडे पाहिलं. माझ्या आरपार पाहिलं.

इथे स्टेशनच्या खिडकीवर दीड तास. मागचे पुढे जातात. हमालाचा खांदा लागला, त्याला वाटलं खांब.

पोस्टात तार लिहून दिली. आई, अडचणीत आहे. तार-बाबूने तो कागद झुरळ झटकावं तसा टेबलावरून झटकला. पण अक्षरं होती. मी पाहिली. लिहिलेलं उमटतं.

पासपोर्ट गावात. परत जायला हवं.

१३ डिसेंबर

चालत आलो. पाच दिवस पोटात काही नाही, भूक नाही. थकवा मात्र आहे. तेवढाच माझा उरला आहे असं वाटतं. बाकी सगळं कमी होत चाललं आहे — आवाज, थंडी, पायातले खडे.

आरशात पाहिलं. भिंत दिसली. चुना नीट लावलेला नाही.

गुरुजींकडे आष्ट्याला जायला हवं होतं. नाव चुकलं, एवढंच सांगायचं आहे. पण सांगणार कसं? लिहून ठेवलं तर? कोळशाने त्यांच्या ओट्यावर —

उद्या जाईन.

१४ डिसेंबर

गेलो. ओट्यावर लिहिलं: जो जाळला तो मेला नव्हता. तो मी. देवानंद.

त्यांची सून बाहेर आली. म्हणाली, कुनाच्या पोरांनी रेघोट्या मारल्या बघा. पुसून टाकलं. मी पुन्हा लिहिलं. तिने पुन्हा पुसलं, शिव्या देत. तिसऱ्यांदा हात वर गेला नाही.

१५ डिसेंबर

बनुबाई अंगणात उन्हात. माझ्याकडे तोंड केलं. सावली दिसते म्हणाली. चंद्राबाई म्हणाली, आत्ती, कुनी न्हाई. बनुबाई म्हणाली, हाय की, दमल्यालं कुनीतरी हाय.

रडू आलं. पाणी आलं नाही.

आई वीसला विमानतळावर येईल. रांगेतली सगळी माणसं बाहेर येईपर्यंत थांबेल. तिला कळवायला हवं. दुसरं काही मागत नाही. मी मेलो म्हणून कळवा — खरं ते कळवा — म्हणजे ती रडेल, दिवस घालील, उठून कामाला लागेल. या घरातल्या बायकांसारखं तिचं होऊ नये. एवढंच —

१६ डिसेंबर, नदीकाठ

दहावा. पायरीवर बसून लिहितो. बायका लांब बसल्या आहेत. पिंड मांडला. त्यावर भात, दही. कावळे समोरच्या बाभळीवर. दहा-बारा.

शिवत नाहीत.

शिवला तर सुटतो म्हणतात. इच्छा राहिली असेल तर शिवत नाही.

आकाराम हात जोडून म्हणाला, नाथाजी, तुजा वाटा तुज्या नावानं ठेवतो. कावळे हलले नाहीत. भाऊबंदांतला एक म्हणाला, नातवाला तुजं नाव देतो. नाही. चंद्राबाई लांबून म्हणाली, आता काय पायजे बाबा, तांब्या ठिवू का फुडंबी? एकजण हसला. कावळे —

ऊन चढलं. कंटाळले सगळे.

बनुबाई उठली. कुणाचा तरी हात धरून पुढे आली. म्हणाली, ह्याला त्या पोराची काळजी दिसती. आपल्या रक्ताचं पोर हुतं, कुटं गेलं काय म्हाईत. आका, त्याच्या आईला पत्र धाड. लिव्ह, तुजं पोर हितनं निघालंय. येईल.

आकाराम म्हणाला, धाडतो.

नको. निघालंय नको. येईल नको. ती दारात बसेल — वर्षानुवर्षं — मेला म्हणून लिहा, इथे लिहितो मी, वाचा कुणीतरी, मेला म्हणून —

एक कावळा खालच्या फांदीवर आला.

मला हे नको आहे. मी नाही म्हणतो आहे. मग तो का उतरतो?

मानेला झोका देतो. पिंडाकडे नाही, माझ्याकडे पाहतो.

ती वाट पाहील. रोज. उसाकडे तोंड करून. कुणीतरी माझी वाट पाहावी — दहावा नाही, तेरावा नाही, संपणं नाही — खरं सांगायचं तर मला —

तो चालत येतो आहे. दोन पावलं. आई, मला तेच हवं हो