शम्साच्या निकाहासाठी चार चाकं

११ फेब्रुवारी, शनिवार

कालचा प्रकार विसरायचा ठरवलं आहे. विसरण्याआधी नोंद करून ठेवतो.

काल बिदियाला गेलो होतो, आत वाळूत, मुसल्लमच्या घरच्यांना भेटायला. त्याने आमच्या मुलीला, शम्साला, मागणी घातली आहे. मुलगा चांगला आहे. माणसंही चांगली, पण वेळेची किंमत नाही. वाळू सुरू होते तिथे शेवटचा पेट्रोल पंप आहे. तिथे आम्हाला घ्यायला आलेल्या त्याच्या सगळ्या लोकांनी गाड्या थांबवल्या, चटई पसरली, थर्मास काढले, खजूर काढले. घर समोर दहा किलोमीटरवर आणि हे कॉफी पीत बसले! काहीजण तर टायरपाशी उकिडवे. सावली शोधत असावेत.

मी इब्रा शहरातला माणूस. चष्म्याचं दुकान आहे, रोज आठाला उघडतो. मला हे जमत नाही. मी पुढे निघालो.

दीड किलोमीटरवर गाडी रुतली. बुडापर्यंत.

मुसल्लमची आजी मुजना, सत्तरीच्या पुढची, तिने आपल्या जुन्या पिकअपने मला ओढून काढलं. तिच्या टायरांवर नक्षी नावाला नाही, माझ्या टकलासारखे गुळगुळीत. गाडी निघाली, पण चालवायला मला दिली नाही, मुसल्लमने आणली. पिकअपमध्ये आजीशेजारी माझी बायको रय्या आणि शम्सा बसल्या. मी मागे, दोन शेळ्यांबरोबर.

निष्कर्ष: टायर खराब. कंपनी देते ते टायर शहरातले. बायकोला हे समजावून सांगितलं. रय्या म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अंगण वाळूचं होतं, वाकडं असणारच.

संकल्प: चाकं बदलायची. रिम, टायर, सगळं. पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी मी पोचणार.

१४ फेब्रुवारी

कुंजुमोनकडे गेलो. वीस वर्षं इब्रात टायर बसवतोय, केरळचा, बोलायला गोड. माझी गाडी म्हणजे छोटी जपानी जीप, तीन दारांची. त्याने चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, जहरानभाई, रिम आहेत तेच राहू द्या, पंधरा इंची. लहान रिम, उंच टायर, वाळूला याहून चांगलं काही नाही. फार तर सगळ्या रस्त्यांना चालणारे टायर घ्या, एक नंबर मोठे. आणि वाळूत शिरताना हवा पंधरावर आणा. विषय संपला.

विषय संपला म्हणे! जो दुकानदार विकायला नाही म्हणतो, त्याच्या मनात काहीतरी असतं.

आणि हवा काढायची कशाला? चष्मा घेतल्यावर कोणी डोळे बारीक करून बघतं का? चांगले टायर नसतील त्यांनी हवा काढावी.

२ मार्च

अभ्यास चालू. आजवर एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले. सगळ्यात दांडगे टायर चिखलाचे. मोठे मोठे ठोकळे, मध्ये खोल खाचा. एक अमेरिकन माणूस त्यांवर एका नाल्यातून गेला, खिडकीपर्यंत चिखल.

वाळूत चिखल नसतो हे मला कळतं. पण जो चिखलाला भीत नाही तो वाळूला भिईल का?

२ एप्रिल

रोजा. संध्याकाळपर्यंत चाकांचा विचार करायचा नाही असं ठरवलं. मन शुद्ध ठेवायचं. दुपारच्या नमाजापर्यंत टिकलो.

१७ मे

मुजना आजी दुकानात आली. मोतीबिंदू काढलाय, चष्मा हवा होता. सोनेरी फ्रेम घालून आरशासमोरून हलेना. म्हणाली, हीच दे, काच कुठलीही लाव. मी तिला नीट समजावलं, आजी, आधी नंबर, मग फ्रेम. नंबर चुकला तर सोन्याची फ्रेम काय चाटायची? तिला ते फार आवडलं. हसताना बुरखा हलत होता.

जाताना माझ्या गाडीकडे बघून विचारलं, यंदा पंपावर आमच्याबरोबर कॉफी घेशील ना? मी म्हटलं, मला कॉफीने पित्त होतं.

पित्त होत नाही. पण शेळ्या अजून आठवतात.

११ जुलै

उन्हाळा सेहेचाळीसवर. दुकानात गिऱ्हाईक नाही. रिमचा प्रश्न आज धसास लावला. ब्राँझ की काळ्या? ब्राँझ दिसायला श्रीमंत, पण धूळ दिसते. काळ्यांवर धूळ जास्त दिसते, पण त्या गंभीर वाटतात. काळ्या. सतरा इंची, रुंद.

कुंजुमोन म्हणाला, सतरा इंची घेतलीत तर रबर कमी उरेल. मी म्हटलं, रबर बघायला येतं कोण? त्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. बहुधा पटलं.

जाता जाता एक काळी रिम हातात घेऊन पाहिली. बाहेर उन्हात ठेवलेली होती. उजव्या तळहाताला मलम लावलं आहे.

२० सप्टेंबर

बसवली!

काय दिसते गाडी! बोकडाला वाघाचे पंजे लावल्यासारखी. ही उपमा शम्साची. कौतुकाने म्हणाली.

किरकोळ निरीक्षणं: स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं की टायर आत कुठेतरी घासतो, खर्रर्र. इब्रातली बहुतेक कामं डावीकडून होतात, तेव्हा अडचण नाही. हमरस्त्यावर आवाज घुमतो. शम्साला फोनवर मुसल्लमचं बोलणं ऐकू येईना. बापाच्या गाडीत बसून तसंही किती बोलायचं? चढावर एक पाण्याचा टँकर आमच्या पुढे गेला. तो रिकामा असावा.

जुनी चाकं ठेवू का, असं कुंजुमोनने विचारलं. मी म्हटलं, विकून टाक. मागे वळून पाहणाऱ्यातला मी नाही. (घासतं, म्हणून वळता येतही नाही.)

८ ऑक्टोबर

वार्षिक तपासणीत गाडी परत पाठवली. चाकं अंगाबाहेर येतात, म्हणे. बाहेर यावीत म्हणूनच तर घेतली! शेवटी वरून रबराच्या पट्ट्या लावल्या. आता गाडीला मिशा आल्यासारखं दिसतं. पास झाली.

२३ नोव्हेंबर

तारीख ठरली. बारा जानेवारी, शुक्रवार, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. निकाह मशिदीत नाही, दुकानाजवळच्या हॉलमध्ये नाही, मुजना आजीच्या तळावर, वाळूत. तिने म्हणे नवस केला होता, पहिल्या नातवाचा निकाह आपल्या वाळूवर लावीन. मी लगेच होकार दिला. देवच बोलावतोय.

रय्या म्हणाली, शम्साचे बाबा, ऐका. मुलीचा हात तुम्हीच द्यायचा. तुम्ही नसाल तर निकाह होत नाही. तुमच्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा, न जाणो.

न जाणो काय? बारा वर्षं मी या पोरीला शाळेत पोचवलं, एक दिवस उशीर नाही. मी तिच्याच निकाहला पोचणार नाही? रागाने जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१५ डिसेंबर

चाचणी. वादीतल्या, कोरड्या नदीपात्रातल्या खडीवरून दोन किलोमीटर. चाकं अप्रतिम! कुठेही अडलं नाही. शेजारून एक टॅक्सी गेली, साध्या टायरवर. त्याचा निष्काळजीपणा बघून वाईट वाटलं.

९ जानेवारी

मुसल्लम घरी आला होता. म्हणाला, काका, त्या दिवशी मी न्यायला येतो. मी नम्रपणे नाही म्हटलं. मुलीचा बाप आहे मी, पार्सल नाही.

तो गेल्यावर शम्सा शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, चाकं कुठली का असेनात, तुम्ही फक्त वेळेवर या. माझा हात तुम्हीच द्यायचा, काकांनी नाही. तिचे डोळे भरले होते. माझेही. मी म्हटलं, बेटा, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. आणि हे अगदी खरं आहे. गेल्या वर्षी तिने मला शेळ्यांमधून उतरताना पाहिलं. सासरच्या लोकांसमोर. ते पुसून टाकायचंय.

१२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी २.४०

पेट्रोल पंप. मागच्या सीटवर हलव्याचं मोठं भांडं. रय्या आणि शम्सा सकाळीच आजीच्या पिकअपमधून गेल्या. निकाह लावणारे शेख मुसल्लमच्या गाडीत आहेत. त्यांना सूर्यास्ताच्या मगरिब नमाजानंतर गावात दुसरा निकाह आहे, उशीर चालणार नाही.

अपेक्षेप्रमाणे चटई पसरली. कॉफी. खजूर. पुन्हा काहीजण टायरपाशी उकिडवे. कुठूनतरी फुसफुस ऐकू येतेय, थर्मास जुने झाले असावेत. मुसल्लमने हाक मारली, काका, एक फिंजान कॉफी तरी! मी पित्ताचं सांगितलं.

हे पिताहेत तोवर मी पंपावर हवा भरून घेतली. पस्तीस. टायर दगडासारखे झाले. निघतो. नेहमीच्या वाटेने नाही, डावीकडच्या टेकडीवरून. वरून उतरलो की तळावर आधी मी आणि मग हे लोक.

दुपारी ३.०५

टेकडीच्या पलीकडे थांबलो आहे. आपण होऊन नाही.

३.३०

ॲक्सिलरेटर दिला. ठोकळे फार कार्यक्षम आहेत. त्यांनी चार खड्डे फावड्यासारखे खणले आणि गाडी आत बसवली. दार उघडत नाही. खिडकीतून बाहेर आलो. फोनला रेंज नाही.

४.१५

असर इथेच पढलो. हलवा तसाच आहे. शम्सा आता तयार होऊन बसली असेल. मुखत्यारपत्र करायला हवं होतं.

४.२०

मी गाढव आहे. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१३ जानेवारी, शनिवार. सकाळी.

काल पावणेपाचला टेकडीवर एक पिकअप दिसली. मुजना आजी. मागे मुसल्लम, शेख, सगळी वरात. इतक्या मोठ्या वाळूत सापडलो कसा, असं विचारलं तर मुसल्लम म्हणाला, काका, अशी नक्षी फक्त तुमच्याच चाकांची. माग काढत आलो. म्हणजे टायरचा उपयोग झाला, हे नमूद करतो.

शेख घड्याळ बघत होते. दोर लावून गाडी काढायची, तळावर जायचं, मग शेखांनी गावात परतायचं, एवढा वेळ नव्हता. आजी उतरली, वाळूत पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, माझा नवस वाळूचा होता. ही काय पीठ आहे? पसरा चटई!

रय्या आणि शम्साही आजीच्या पिकअपमध्येच होत्या. शम्सा पिकअपमधून उतरली, हिरव्या कपड्यांत, आणि माझ्याकडे धावत आली. मला वाटलं चिडेल. माझ्या खांद्यावरची वाळू झटकत म्हणाली, बाबा, तुम्ही इथे आहात ना, मग झालं.

मी चटईवर बसलो, पाठ गाडीला टेकून, मुसल्लमचा हात हातात घेतला आणि माझी मुलगी त्याला दिली. शेख म्हणाले, मोठ्याने म्हणा. मी मोठ्याने म्हटलं. मग सगळ्यांनी माझा हलवा खाल्ला. तो वेळेवर पोचला होता.

मग आजी माझ्या टायरपाशी उकिडवी बसली. अंगठ्याने दाबून पाहिलं. तोंडातला खजूर संपवला, बी काढली, तिचं टोक वाल्ववर टेकवलं. फुस्स. आवाज ओळखीचा होता. रय्याने फिंजान भरून माझ्या हातात दिला. आजी म्हणाली, एक खजूर, एक कॉफी, एक टायर. कॉफी संपली की हवा बरोबर झाली. पंपावर आम्ही काय गप्पा मारायला थांबतो?

चार फिंजान प्यायलो. पित्त झालं नाही.

मग तिने आपला सोनेरी चष्मा नाकावर सरकवला, माझ्या काळ्या रिमवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, चष्मेवाल्या, फ्रेम छान आहे. नंबर चुकलाय.

शेखसुद्धा हसले.

मुसल्लमने थोडी वाळू उपसली. गाडी माझी मीच बाहेर काढली. दोर लागला नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

कुंजुमोनकडे गेलो. हवा वाढवून घ्यायला, बाकी काही नाही. त्याने आतल्या खोलीतून माझी जुनी चारी चाकं आणली, पुसलेली. विकली नव्हती. याल असं वाटलं, म्हणाला.

निकाहाचा फोटो मोठा करून दुकानात लावला आहे. शम्सा, मुसल्लम, रय्या, आजी, शेख, मध्ये मी, आणि मागे गाडी. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आले आहेत. गिऱ्हाईक चष्मा घालून बघतात आणि विचारतात, या गाडीला चाकं नाहीत का?

आहेत, म्हणतो मी. खाली आहेत.