पिवळ्या तापाची सुई

३ मार्च १९७८
नैरोबीचं पत्र! मोठ्या दिरांनी, सावळीरामदादांनी, तिकिटं काढली — सासूबाई, हे आणि मी. १२ एप्रिलचं विमान, दोन महिने राहायचं. आठ वर्षांनी सासूबाई थोरल्या लेकाला बघणार. पत्र तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग शेजारच्या सुलाबाईंना बोलावून पुन्हा एकदा!

अर्धं पान नुसत्या सूचना. पाणी उकळूनच प्या. मलेरियाच्या गोळ्या आठवडाभर आधी सुरू करा. कॉलऱ्याची सुई नाशकात मिळेल, पिवळ्या तापाची मुंबईलाच. ती दहा दिवस आधी घेतलेली पाहिजे, नाहीतर उतरू देत नाहीत. ‘आजारी पडून सुट्टी वाया घालवू नका!’

६ मार्च
कॉलऱ्याची सुई झाली. दंड टम्म. सासूबाई म्हणतात, ‘सावळ्यासाठी अशा धा घेईन!’

१६ मार्च
आठ दिवस वर गेले. नाही लिहीत.

२० मार्च
डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. दिवस आहेत. चौथ्यांदा. कॉलऱ्याच्या सुईचं काही नाही म्हणाल्या. आणि पिवळ्या तापाची? ‘ती मात्र अजिबात घ्यायची नाही. आजच घरी सांगा.’

सांगा! तीन वेळा सांगितलं की. तिन्ही वेळा सासूबाईंनी नवस बोलले, मला कॉटवरून उतरू दिलं नाही. तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात संपलं. मागच्या खेपेला हे दोन दिवस कारखान्यात गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून होते.

सांगितलं तर सासूबाई मला सोडून जाणार नाहीत. नाही सांगितलं तर सुई.

२३ मार्च
आज सांगणारच होते. हे ओझरच्या कारखान्यातून आले ते कुणाची तरी मोठी बॅग मागून घेऊन. ‘आई गुणगुणत होती, ऐकलंस? बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.’

मी पोळी लाटत राहिले.

२५ मार्च
तापाचं सोंग करावं? पण नुसती शिंकले तर काढा पुढे आला. ‘जपून ऱ्हाय. तू पडलीस तर समद्यांचंच ऱ्हाईल.’ सगळ्यांचा डोळा माझ्या तब्येतीवर. मोरीत जरा वेळ लागला तरी बाहेरून हाक.

२८ मार्च
मुंबईला गेलो. रांगेत पुढे सासूबाई, मग हे, मग मी. दोघांचं झालं. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘दिवस वगैरे नाहीत ना?’ मी तोंड उघडायच्या आत हेच हसले — ‘छे छे, तसं काही नाही.’

स्पिरिटचा गार बोळा दंडावर फिरला. मी हात ओढून घेतला. ‘आहेत,’ म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं असणार. मागच्या रांगेतल्या माना वळल्या.

सासूबाई दंडावरचा कापूस धरून नुसत्या बघत होत्या. परतताना कल्याण गेलं, कसारा गेलं. इगतपुरीला सासूबाई म्हणाल्या, ‘कवा सांगणार व्हतीस? इमानात?’ मग डोळे पुसले. ‘मी नाय जात. तुला टाकून कशी जाऊ?’

२ एप्रिल
कॉटवर. उठले की ‘उठू नको!’ येईल त्याला सासूबाई सांगतात, ‘सुनेपायी ऱ्हायले हो.’ मनात काही नसतं त्यांच्या. पण मी ऐकते ना! दुपारी मला झोप लागली असं समजून सावळीरामदादांचा फोटो काढून बसल्या. पदराने पुसत होत्या. पुसून पुसून किती पुसायचा?

शुक्रवारी हे तिकिटं परत करायला जाणार.

७ एप्रिल
सकाळी मोरीतून बाहेर आले आणि सासूबाईंना म्हटलं — ‘गेलं.’

हे तिकिटं हातात घेऊन दारात उभे होते. म्हटलं, तुम्ही दोघं जा. माझी सुई आता व्हायची नाही, दहा दिवस कुठे उरलेत? माझी आई घोटीहून येईल, तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जाईन. सासूबाई मान हलवत राहिल्या, ‘नाय गं, नाय.’ शेवटी त्यांचे हात धरले. ‘एक गेलं. तुमच्या लेकाची भेट तरी नका घालवू.’ तेव्हा ओक्साबोक्शी रडल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आज जास्त लिहवत नाही.

१२ एप्रिल
गेले दोघं.

२० मे
ह्यांचं पत्र. ‘आईचं वजन वाढलंय. रोज दादांच्या ताटाजवळ बसते, ते उठेपर्यंत हलत नाही. कुणी आजारी पडलं नाही, पाणी उकळूनच पितो.’ मग खाली, वेगळ्या शाईत — ‘तुला तिथे टाकून आलो. मला मूल हवं म्हणून तू चौथ्यांदा भोगलंस. पुन्हा कधी मागणार नाही.’

माझ्या आईने विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, बरे आहेत सगळे.

८ जून
हललं! दुपारी तांदूळ निवडताना. डाव्या कुशीत, माशाने शेपूट फिरवावं तसं. पुन्हा हललं!

७ एप्रिलला मी खोटं बोलले होते. फक्त माझ्या आईला माहीत आहे. परवा ते दोघं येतायत, आणि पोट आता लपत नाही.